हिमशैवाल : ज्ञानकोशासाठीच्या लेखाचा मसुदा, दुरुस्त्या सुचवा

अनुस्वार

नमस्कार. एका मुक्त ज्ञानकोशासाठी 'हिमशैवाल' या विषयावर लेख लिहायला घेतला आहे. मराठीत या विषयावर सलग वाचता येईल असं फारसं काही मला सापडलं नाही, म्हणून हा खटाटोप. मसुदा तपासणीतून परत आला. शेरा एका ओळीचा आहे: 'भाषा वर्णनपर, दावे तपासावेत.' शेरा रास्त असणार, पण नेमकं कुठे चुकतंय ते मला एकटीला दिसत नाहीये. सुरुवातीचा परिच्छेद देते. मोकळेपणाने काटछाट करा.

'हिमशैवाल किंवा टरबूज बर्फ हा निसर्गाचा एक अद्भुत चमत्कार आहे. उंच पर्वतांवर आणि ध्रुवीय प्रदेशांत उन्हाळ्यात पांढराशुभ्र बर्फ अचानक रक्तासारखा लाल होतो. इ.स. १८१८ मध्ये कॅप्टन जॉन रॉस यांनी याचा शोध लावला. क्लॅमिडोमोनास निव्हॅलिस नावाच्या प्रजातीमुळे हे घडते. लाल रंगामुळे बर्फ १३ टक्के जास्त वेगाने वितळतो आणि त्यामुळे जगभरातील हिमनद्या नष्ट होत आहेत. असा बर्फ खाल्ल्यास पोट बिघडते.'

काचपट्टी

विषय छान निवडलाय. पहिल्याच वाक्यापासून सुरू करतो.

'हिमशैवाल हा चमत्कार आहे' यात दोन गोष्टींची गल्लत झाली आहे. हिमशैवाल म्हणजे सजीव, आणि लाल हिम म्हणजे ते सजीव प्रचंड संख्येने वाढले की दिसणारा परिणाम. ज्ञानकोशातल्या लेखाचं पहिलं वाक्य व्याख्येचं हवं. उदाहरणार्थ: 'वितळत्या हिमात वाढणाऱ्या, बहुतांशी एकपेशीय, थंडीला सरावलेल्या सूक्ष्म शैवालांना हिमशैवाले म्हणतात.' एवढं लिहिलं की 'अद्भुत' म्हणायची गरज उरत नाही. वाचकाला जे वाटायचं ते पुढच्या माहितीतून आपोआप वाटेल.

या व्याख्येतला 'वितळत्या' हा शब्द कुणी गाळू नका. कोरड्या, घट्ट गोठलेल्या हिमात ही शैवालं वाढत नाहीत. त्यांना द्रवरूप पाणी लागतं. तापमान शून्य अंशाच्या आसपास आलं की हिमकणांभोवती पाण्याचा पातळ थर तयार होतो, आणि त्यांचं सगळं जगणं त्या थरात चालतं. म्हणून लाल हिम भर हिवाळ्यात न दिसता वसंताच्या अखेरीस आणि उन्हाळ्यात दिसतं. तुमच्या मसुद्यात 'अचानक' आहे, तोही काढा. पेशी आधीपासून असतात, आठवड्यांमागून आठवडे वाढतात, आणि वरचं हिम वितळत गेलं की पृष्ठभागावर दाटी होऊन नजरेत भरतात.

शब्दवेध

भाषेच्या अंगाने दोन-तीन मुद्दे.

'टरबूज बर्फ' वाचून मी थबकले. इंग्रजी नावाचं हे यंत्राने केलेलं भाषांतर दिसतंय. मराठीत त्या फळाला बहुतेक जण कलिंगड म्हणतात, आणि टरबूज म्हटलं की काहींच्या डोळ्यांसमोर भलतंच फळ येतं. नाव द्यायचंच असेल तर 'कलिंगडी हिम' लिहा, आणि हे इंग्रजी बोलीतल्या नावाचं मराठी रूप आहे असं स्पष्ट सांगा. मराठीत असं नाव रूढ असल्याचा आभास नको.

दुसरा मुद्दा हिम आणि बर्फ यांचा. रोजच्या बोलण्यात आपण दोन्हीला बर्फच म्हणतो. आकाशातून भुरभुरत पडतो तोही बर्फ आणि पेल्यात घालतो तोही बर्फ. या लेखात मात्र तसं चालणार नाही. भुरभुरीत ते हिम आणि घट्ट झालेला तो बर्फ, अशी वाटणी पहिल्याच परिच्छेदात करून ती शेवटपर्यंत पाळावी.

तिसरा, 'प्रजाती'. वर्तमानपत्रांनी या शब्दाचं पार भरीत केलं आहे. मराठी वैज्ञानिक लेखनाच्या जुन्या शिस्तीत क्लॅमिडोमोनास ही प्रजाती आणि निव्हॅलिस ही तिच्यातली जाती. एकाच लेखात दोन्ही शब्द येणार असतील तर ही शिस्त मोडू नका.

मोजमाप

शब्दवेध यांचा हिम-बर्फाचा मुद्दा नुसता भाषेचा नाही. विज्ञानही तिथेच दुभंगतं.

हिमावर वाढणारी शैवालं आणि हिमनदीच्या उघड्या बर्फावर वाढणारी शैवालं हे दोन वेगळे गट आहेत. पहिल्या गटातली बरीचशी क्लॅमिडोमोनासच्या नात्यातली हरित शैवालं: सँग्विना, क्लोरोमोनास, क्लेनोमोनास. दुसऱ्या गटात अँसिलोनेमासारखी, जमिनीवरच्या वनस्पतींशी जवळचं नातं असलेली शैवालं येतात. त्यांचा रंग लाल नसून जांभळट तपकिरी असतो आणि तो परप्युरोगॅलिन नावाच्या फिनॉलवर्गी द्रव्याच्या रूपांमुळे येतो. ग्रीनलँडच्या हिमस्तराच्या कडेला उन्हाळ्यात जो काळपट पट्टा दिसतो, त्यात या दुसऱ्या गटाचा वाटा मोठा आहे. ध्रुवसंशोधक नॉर्डेनशोल्डच्या १८७० च्या ग्रीनलँड मोहिमेत ही शैवालं लक्षात आली, आणि जातीच्या नावात त्याचं नाव राहिलं: अँसिलोनेमा नॉर्डेनशोल्डी.

बातम्यांत दोन्ही गट एकाच नावाखाली येतात. २०२० च्या उन्हाळ्यात इटलीतल्या प्रेसेना हिमनदीची गुलाबी छायाचित्रं सगळीकडे फिरली, तेव्हा काही बातम्यांत अँसिलोनेमाचं नाव आलं आणि काहींत लाल हिमशैवालाचं. त्याच वर्षी फेब्रुवारीत अंटार्क्टिकातल्या गॅलिंडेझ बेटावर, युक्रेनच्या व्हर्नाडस्की केंद्राभोवती लालभडक झालेलं हिम मात्र हिमशैवालांचं होतं. लेखात हे दोन प्रसंग शेजारी-शेजारी ठेवले तर घोळ कसा होतो ते वाचकाच्या लक्षात राहील.

अनुस्वार

मोजमाप, हे मला अजिबात माहीत नव्हतं. माझ्या मसुद्यात पुढे ग्रीनलँडच्या काळ्या पट्ट्याचा परिच्छेद आहे आणि तो मी सरळ हिमशैवालांच्या नावावर टाकला होता. काढते. त्याऐवजी 'हिमशैवाल आणि बर्फशैवाल' असा छोटा विभाग करते.

१३ टक्क्यांवर कुणी काहीच बोललं नाही. तो आकडा मी तीन-चार ठिकाणी पाहिला होता.

मोजमाप

त्यावर सविस्तर लिहायचं होतं म्हणून मागे ठेवलं. आकडा खरा आहे, पण तुमचं वाक्य चुकीचं आहे.

ताजं, कोरडं हिम अंगावर पडलेल्या प्रकाशापैकी साधारण ८० ते ९० टक्के परत फेकतं. या गुणाला अल्बीडो किंवा परावर्तनक्षमता म्हणतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आर्क्टिकमधल्या अनेक हिमनद्यांवरून लाल हिमाचे सुमारे ४० नमुने घेतले होते. वितळण्याच्या एका हंगामात लाल शैवालांमुळे परावर्तनक्षमता १३ टक्क्यांपर्यंत घटू शकते, असा तिथला निष्कर्ष. म्हणजे १३ टक्के ही परावर्तनातली घट आहे. वितळण्याचा वेग तेवढाच वाढतो असं त्यातून निघत नाही. शिवाय ती घट शैवाल असलेल्या जागेपुरती आहे, अख्ख्या हिमनदीची नव्हे.

वितळण्याबद्दलच लिहायचं असेल तर अलास्कातल्या हार्डिंग हिमक्षेत्रावरचं काम घ्या. २०१७ चं आहे. तिथे सुमारे १,९०० चौरस किलोमीटर क्षेत्रापैकी एक तृतीयांशाहून अधिक भागावर सूक्ष्मजीव पसरले होते, आणि त्या भागात वितळलेल्या एकूण हिमापैकी सुमारे १७ टक्के त्यांच्यामुळे वितळलं असा हिशेब निघाला. मला त्यातला प्रयोग जास्त मोलाचा वाटतो. त्यांनी हिमाच्या काही तुकड्यांवर नत्र-स्फुरद-पालाश हे खत टाकलं आणि काहींवर नुसतं पाणी. खताच्या तुकड्यांत शैवाल चौपटीने वाढलं, आणि नुसत्या पाण्यानेही जवळपास दीडपट झालं. म्हणजे वितळलं की पाणी, पाणी मिळालं की शैवाल, शैवाल वाढलं की रंग गडद, आणि रंग गडद झाला की आणखी वितळणं. हे चक्र नुसतं अंदाजाने मांडलेलं नाही, प्रत्यक्ष हिमावर करून पाहिलेलं आहे. लेखाचा गाभा मला इथे दिसतो.

'जगभरातील हिमनद्या त्यामुळे नष्ट होत आहेत' हे वाक्य पूर्ण काढा. हिमनद्या आक्रसण्याचं मूळ कारण तापमानवाढ आहे. शैवालं वितळण्याला हातभार लावतात. कारण आणि हातभार यांतला फरक ज्ञानकोशाने नाही जपला तर कोण जपणार?

जुनीवही

इतिहासाचं वाक्यही दुरुस्त करावं लागेल. जॉन रॉस यांनी 'शोध लावला' असं म्हणता येत नाही.

अ‍ॅरिस्टॉटलच्या प्राण्यांवरच्या ग्रंथात, फार दिवस पडून राहिलेलं हिम तांबूस होतं आणि त्यात तांबड्या अळ्या निपजतात, अशा अर्थाचा उल्लेख आहे. अठराव्या शतकात स्विस निसर्गअभ्यासक द सोस्यूर यांनी आल्प्समध्ये लाल हिम पाहिलं आणि ते परागकण असावेत असा तर्क केला. तर्क चुकला, पण रंग कुठल्या तरी वनस्पतीपासून आला असावा ही दिशा बरोबर होती. मला या चुकलेल्या तर्काबद्दल आदर वाटतो, लेखात त्याला एक ओळ द्या.

रॉस १८१८ मध्ये वायव्य मार्गाच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेच्या उत्तरेकडून पॅसिफिकला जाणाऱ्या सागरी वाटेच्या शोधात निघाले होते. ग्रीनलँडच्या वायव्य किनाऱ्यावर, केप यॉर्कजवळ त्यांना कड्यांवर लाल हिमाचे ओघळ दिसले. त्या कड्यांना त्यांनी किरमिजी कडे असं नाव दिलं. त्यांनी महत्त्वाचं काम केलं ते नमुने सोबत आणण्याचं. ते नमुने लंडनमध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन आणि वनस्पतिचित्रकार फ्रान्सिस बाउअर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. ब्राउन यांचा कल शैवालाकडे होता. बाउअर यांना ती कवकं, म्हणजे बुरशी वाटली, आणि १८१९ मध्ये त्यांनी नाव दिलं युरेडो निव्हॅलिस. युरेडो म्हणजे तांबेरा रोगाच्या कवकांसाठी वापरलं जाणारं नाव. गव्हावरचा तांबेरा पाहिलेल्या माणसाला बाउअर का फसले ते लगेच कळेल. क्लॅमिडोमोनास निव्हॅलिस हे नाव यायला १९०३ उजाडलं.

तेव्हा 'शोध लावला' ऐवजी 'रॉस यांच्या मोहिमेने आणलेल्या नमुन्यांमुळे लाल हिमाचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास सुरू झाला' असं काहीसं.

काचपट्टी

जुनीवहींच्या प्रतिसादाला पुढची कडी जोडतो. नावाची गोष्ट १९०३ ला संपत नाही.

शंभराहून जास्त वर्षं जगात कुठेही लाल हिम दिसलं की क्लॅमिडोमोनास निव्हॅलिस म्हणून नोंद व्हायची. सूक्ष्मदर्शकाखाली गोल, लाल, जाड भिंतीच्या पेशी दिसतात, आणि निरनिराळ्या जातींच्या सुप्त पेशी अशाच दिसतात. नुसत्या डोळ्यांनी फरक करणं अवघड. डीएनए तपासता येऊ लागल्यावर घोळ उघड झाला. २०१९ मध्ये सँग्विना ही नवी प्रजाती मांडली गेली, तिच्यात दोन जाती: लाल हिमाची सँग्विना निव्हॅलॉइड्स आणि नारिंगी हिमाची सँग्विना ऑरांशिया. लॅटिनमध्ये सँग्विस म्हणजे रक्त. निव्हॅलॉइड्स म्हणजे निव्हॅलिससारखी. दोन्ही ध्रुवांकडे, युरोपात आणि अमेरिकेतही पहिली जाती सापडली आहे.

त्यामुळे लेखात असं लिहावं: 'जुन्या लेखनात क्लॅमिडोमोनास निव्हॅलिस या नावाखाली नोंदलेले बरेचसे लाल हिम आता सँग्विना निव्हॅलॉइड्स या जातीचे मानले जाते.' 'बरेचसे' हवंच. जुन्या प्रत्येक नोंदीत कुठली जाती होती ते आज कुणी सांगू शकणार नाही. आणि जुनं नाव लेखातून काढू नका, कारण वाचक तेच नाव शोधत येणार.

उतारवाट

मी अभ्यासक नाही, डोंगरात फिरते. लाल हिमावरून दोनदा चालले आहे, म्हणून थोडं लिहिते.

लांबून बघताना उतारावर कुणी फिकट गुलाल उधळल्यासारखं वाटतं. जवळ गेलं की रंग विरतो, मला तर आधी वाटलं डोळ्यांचा भास होता. मग मागे वळून पाहिलं, तर माझ्या बुटांचे ठसे गडद गुलाबी उमटले होते. दाबलं की रंग एकवटतो. आणि खळग्यांत, जिथे पाणी झिरपून जमतं, तिथे तो जास्त होता.

पोट बिघडतं या वाक्याबद्दल: आमच्यातही असं सांगतात. पण उघड्यावरच्या जुन्या हिमात धूळ असते, जिवाणू असतात, पक्ष्यांची विष्ठा असते. दोष शैवालावर कशाच्या आधारे टाकायचा?

काचपट्टी

उतारवाट, बुटांच्या ठशांचं निरीक्षण अगदी बरोबर. ज्ञानकोशात स्वतःचा अनुभव घालता येत नाही, पण ठशांचं छायाचित्र असेल तर ते लेखाला द्या. परिच्छेदभर वर्णनापेक्षा ते जास्त सांगेल.

पोटाचं वाक्य काढाच.

अनुस्वार

काढलं. पण छायाचित्रावरून आठवलं. मी लेखात जोडलेलं छायाचित्र पिवळट नारिंगी उताराचं आहे. आता शंका येतेय की ते शैवाल आहे की धूळ.

मोजमाप

छायाचित्र पाहिलं. संपूर्ण डोंगरउतार एकसारखा रंगलाय, पांढरे ठिपकेसुद्धा नाहीत. मला ती सहाराची धूळ वाटते. वाऱ्याबरोबर ती आल्प्सपर्यंत येते आणि चादरीसारखी पसरते. शैवाल बहुधा ठिगळाठिगळांनी वाढतं. खात्री हवी असेल तर सूक्ष्मदर्शक हवाच.

उपग्रहावरूनही भेद करता येतो. शैवालात हरितद्रव्य असतं आणि ते ६८० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश शोषतं. धूळ तिथे तसा खड्डा दाखवत नाही. विमानातून आणि उपग्रहांतून हिमशैवाल मोजण्याच्या पद्धती याच खुणेवर उभ्या आहेत. सेंटिनेल-२ उपग्रहांच्या आधारे अंटार्क्टिक द्वीपकल्पावरच्या हिरव्या हिमशैवालाचा नकाशा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला: १,६७९ ठिकाणं, एकूण क्षेत्र सुमारे १.९ चौरस किलोमीटर. त्यातली ६० टक्क्यांहून अधिक ठिकाणं पेंग्विनांच्या वसाहतींपासून ५ किलोमीटरच्या आत होती. हिमात पोषकद्रव्यं मुळातच कमी, त्यामुळे पक्ष्यांच्या विष्ठेतून मिळणारं नत्र आणि स्फुरद तिथे खतासारखं उपयोगी पडतं. लाल आणि नारिंगी शैवाल त्या मोजणीत धरलेलं नाही, हे त्याच वाक्यात सांगा.

शब्दवेध

हिरवं हिमशैवाल? मसुदा वाचून तर शैवाल लालच असतं असं वाटलं होतं. म्हणजे 'हिमशैवाल म्हणजे लाल हिम' हे समीकरणही मोडायचं का?

काचपट्टी

हो, मोडायचं. मुळात ही सगळी हरित शैवालंच. लाल पेशीतही हरितलवक, म्हणजे हरितद्रव्य असलेला पेशीतला भाग असतो, फक्त तो झाकला जातो. झाकणारं द्रव्य म्हणजे अ‍ॅस्टाझँथिन, कॅरोटिनॉइड गटातलं. सामन माशाच्या मांसाला आणि कोळंबीला रंग देणारंही हेच, त्यांना ते अन्नातून मिळतं. शैवालात ते हरितलवकाच्या बाहेर, स्निग्ध पदार्थाच्या थेंबांत साठतं. उंचावरचं उन्हाळी ऊन आणि हिमावरून उसळून येणारा प्रकाश मिळून पेशीला सोसवत नाही. अ‍ॅस्टाझँथिन हिरवा-निळा प्रकाश वरच्या वर शोषून हरितलवकावर सावली धरतं. शोषलेल्या प्रकाशाची उष्णता होते, तिने आजूबाजूचं हिम वितळतं, आणि पेशीला लागणारं पाणी मिळतं. लेखात 'पेशी मुद्दाम हिम वितळवते' असं मात्र लिहू नका. परिणाम सांगा, हेतू चिकटवू नका.

झाडांच्या सावलीतल्या किंवा हिमाच्या आतल्या थरातल्या पेशींना इतक्या संरक्षणाची गरज नसते, तिथे हिरवं हिम दिसतं. रंग जातीवरही अवलंबून असतो आणि अवस्थेवरही.

जीवनचक्र थोडक्यात असं. वसंतात पाणी झिरपू लागलं की सुप्त पेशींतून दोन कशाभिका (पोहण्यासाठीचे धाग्यासारखे अवयव) असलेल्या हिरव्या पेशी बाहेर पडतात आणि हिमकणांमधल्या पाण्यातून पोहत प्रकाशाकडे वर येतात. पुढे कशाभिका गळतात, भिंत जाड होते, रंगद्रव्य आणि मेद साठतो, आणि त्या पुन्हा सुप्तावस्थेत जातात. नवं हिम त्यांच्यावर पडतं आणि त्या पुढच्या वितळण्याची वाट पाहत राहतात. हे चित्र मुख्यतः क्लोरोमोनाससारख्या जातींवरून आलं आहे. सँग्विनाच्या पोहणाऱ्या पेशी फार क्वचित हाती लागल्या आहेत. तेव्हा सरसकट विधान टाळा.

जुनीवही

एक विभाग राहतोय: या शैवालांवर कोण जगतं? उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्याकडच्या हिमनद्यांवर हिमकृमी असतात, गांडुळांच्या नात्यातले, ते शैवाल खातात. शिवाय रोटिफर, जलअस्वलं, कोलेम्बोला असे बारीक प्राणी, आणि शैवालपेशींवर जगणारी कायट्रिड कवकं. बाउअर यांना कवक वाटलेल्या पेशींवरच आज कवकांचा अभ्यास चाललाय, मला हे वाचून फार आनंद झाला होता.

आणि हिमालय विसरू नका. नेपाळमधल्या लांगटांग खोऱ्यातल्या याला हिमनदीवर ५,००० मीटरच्या वर, उंचीनुसार कुठली शैवालं कुठे वाढतात याचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. मसुद्यात फक्त आल्प्स आणि ध्रुव आहेत.

अनुस्वार

सगळ्यांचे मनापासून आभार. कालपासून तीनदा लिहून खोडलं. आता सुरुवात अशी आहे:

'वितळत्या हिमात वाढणाऱ्या, बहुतांशी एकपेशीय, थंडीला सरावलेल्या सूक्ष्म शैवालांना हिमशैवाले म्हणतात. पर्वतीय आणि ध्रुवीय प्रदेशांत वसंताच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत त्यांची संख्या वाढली की हिमाचा पृष्ठभाग लाल, नारिंगी किंवा हिरवा दिसतो. लाल रंग अ‍ॅस्टाझँथिन या रंगद्रव्यामुळे येतो. जुन्या लेखनात क्लॅमिडोमोनास निव्हॅलिस या नावाखाली नोंदलेले बरेचसे लाल हिम आता सँग्विना निव्हॅलॉइड्स या जातीचे मानले जाते. शैवालांमुळे हिमाची परावर्तनक्षमता घटते आणि त्या जागचे हिम वितळण्यास हातभार लागतो. हिमनद्यांच्या उघड्या बर्फावर वाढणारी बर्फशैवाले हा वेगळा गट आहे. सुप्त पेशींतून बाहेर पडलेल्या हिरव्या पेशी वसंतात पोहत पृष्ठभागाकडे येतात.'

शीर्षक 'हिमशैवाल' ठेवलंय. 'लाल बर्फ' असं शोधणाऱ्यालाही हाच लेख उघडेल अशी सोय केली आहे. धुळीचं छायाचित्र उतरवलं, उतारवाट यांचे बुटांचे ठसे चढवले.

शब्दवेध

वाचताना कुठेही अडखळले नाही. 'लाल बर्फ'ची सोय केलीत हे उत्तम, लोक तसंच शोधणार.

काचपट्टी

शेवटच्या वाक्यात 'काही जातींच्या' राहिलं.

अनुस्वार

घातलं. 'काही जातींच्या सुप्त पेशींतून' असं केलंय. मसुदा पुन्हा तपासणीला पाठवते.